तळ्यावरचा येळकोट

हा अनुभव लिहावा की नाही, हे माझं बरेच दिवस ठरत नव्हतं. अशा गोष्टी लिहिणाऱ्यांची श्रद्धा पक्की असते, असं मला वाटायचं. माझी तशी नव्हती. मी दुसऱ्या वर्षाला आहे, भोसरीच्या एका कॉलेजात. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. आईवडील धाराशिवकडे शेती करतात. भोसरीत एकट्या मुलीला चांगली खोली मिळेना, म्हणून आईच्या ओळखीतल्या एका काकूंच्या घरी, चाकणच्या पुढे एका खेड्यात, खोली घेऊन राहायला आले. रोज बसनं जाणं-येणं. वर्गात माझं कुणाशी भांडण नव्हतं, पण मैत्रीही नव्हती. मुली आपापल्या घोळक्यात डबा खायच्या. मी जिन्याखाली बसून खायचे आणि मोबाइलमध्ये काहीतरी पाहत असल्यासारखं करायचे. घरी होते तेव्हा मी रोज देवापुढे उभी राहायचे. इथे आल्यावर हळूहळू ते सुटलं. माणसं जशी गावी राहिली तसा देवही तिकडेच राहिला असणार, असं मनाशी धरून चालले होते. इथे त्याला माझा पत्ता कोण सांगणार?

काकू विधवा आहेत, साठीच्या. त्यांची दोन कुत्री. राजा म्हातारा, काळाकभिन्न, एका कानानं बहिरा. तो पिल्लू असताना काकांनी ओंजळीत आणलेला. चिनी मात्र तरणी, तांबडी, एका जागी न ठरणारी. काकूंचं कुलदैवत खंडोबा, म्हणून त्यांच्याकडे रविवारची पहिली भाकरी कुत्र्यांना घालतात आणि त्यांच्या कपाळाला भंडारा लावतात. आमचंही कुलदैवत तेच. पण मी ते सगळं लांबूनच बघायचे.

एप्रिलमध्ये काकूंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. चार दिवस त्या मोशीला लेकीकडे राहणार होत्या. निघताना रिक्षात बसल्यावर त्या पुन्हा खाली उतरल्या आणि म्हणाल्या, "चिनीचं काही नाही गं, ती कुठंही तगेल. राजाला जप. यांच्या हातचं आता तेवढंच उरलंय माझ्याकडे." मी हो म्हटलं. एवढं मोठं काही माझ्यावर आजवर कुणी सोपवलं नव्हतं.

शनिवार-रविवार मी घरात एकटीच. रविवारी सांगितल्याप्रमाणे भाकरी घातली, भंडारा लावला. हात करत होते, मन कुठेच नव्हतं. पत्र्याखाली उन्हाचा कहर होता. दोघांच्या अंगावर गोचीड झाले होते, पट्ट्याखाली तर राजानं खाजवून रक्त काढलेलं. टँकर आला नव्हता, त्यामुळे घरात अंघोळ घालण्याइतकं पाणी नव्हतं. मला वडिलांची आठवण झाली. ते बैलांना धुवायला तळ्यावर नेत. नवा बैल बुजरा असला तर त्याला जुन्याच्या गळ्याशी एकाच दाव्यानं जोडत. जुना शांत उभा राहिला की नवाही राहतो. मी तेच केलं. पट्टे काढले, म्हणजे मान नीट धुता येईल. एका लांब नायलॉनच्या दोरीची दोन टोकं दोघांच्या गळ्यात सरकत्या गाठीनं अडकवली, दोरीच्या मध्यावर दुसरी दोरी बांधली आणि ती हातात धरून टेकडीमागच्या पाझर तलावाकडे निघाले. आपल्याला किती येतं, याचं थोडं कौतुकही वाटलं होतं.

रविवार म्हणजे तलावावर माणसं असतील, हा माझा गावाकडचा हिशेब. पण इथल्या कंपन्यांना सुट्टी गुरुवारी असते. रविवारी सगळे शिफ्टला गेलेले. तलावावर चिटपाखरू नव्हतं. पाणी आटून खाली गेलं होतं, पलीकडे कारखान्यांची निळी छपरं तापत होती.

मी काठावर बसून राजाच्या मानेवर पाणी घालत होते, तोच उथळ पाण्यात एक बगळा उतरला. चिनीनं उडी घेतली. तिच्या हिसक्यानं राजाही ओढला गेला. बगळा उडाला, पण चिनी पोहतच राहिली. तलाव बांधला तेव्हा बुडालेल्या बाभळींची खोडं पाण्याखाली होती. त्यांतल्याच एकात दोघांमधली दोरी अडकली. एका बाजूला चिनी धडपडत होती, दुसऱ्या बाजूला राजा. चिनी जितकी पुढे जाई, तितकं राजाचं तोंड पाण्याकडे ओढलं जाई. मी जिवाच्या आकांतानं माझ्या हातातली दोरी ओढली. तशी राजाची मान आणखीच खाली गेली. मला वाटलं, मी कमी ओढतेय. मी आणखी ओढलं.

मला पोहता येत नाही. आमच्याकडे शिकण्याइतकं पाणी कधी साठलंच नाही. तरी मी आत शिरले. कमरेपर्यंत गेल्यावर पाय चिखलात रुतले आणि हलता येईना. हाक मारायला तोंड उघडलं, आणि माझ्या लक्षात आलं की मला कुणाचं नावच माहीत नाही. आमच्या गावात मी दहा नावं घेऊन ओरडले असते. इथे दीड वर्ष राहून एका शेजारणीचंही नाव मला येत नव्हतं. त्या क्षणाइतकं एकटं मला आयुष्यात कधी वाटलेलं नाही. मग माझ्या तोंडून जे निघालं ते मी ठरवलेलं नव्हतं. चिखलात गाडी रुतली की वडील खांदा लावताना जे ओरडायचे तेच निघालं. येळकोट येळकोट.

आणि पाण्यापलीकडून उत्तर आलं. "जय मल्हार."

बाईचा आवाज होता. सहज दिलेला, जेजुरीच्या पायरीवर कुणीही कुणालाही देतं तसा. तलावाच्या वळणामागून थर्माकोलचा एक तराफा पुढे आला. त्यावर लुगडं खोचून बसलेली एक सावळी बाई दोन्ही हातांनी पाणी मारत येत होती. तिनं एकदा कुत्र्यांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"दोरी सोड."

मी सोडली नाही. मला वाटलं, तिला कळलेलं नाही. सोडली तर राजा गेला.

"आगं सोड म्हनती ना. तूच गळा आवळतियास त्येचा. तू वढायची थांब, मग मला जमंल."

मी बोटं उघडली. ती उघडायला मला किती जड गेलं, ते सांगता येणार नाही. दोरी पाण्यात सैल पडली, आणि राजाचं नाक वर आलं. बाईनं तराफ्यावरूनच पाण्यात हात घातला, कमरेचा विळा काढून दोरी कापली. चिनी आपली आपण काठाला लागली. राजाला तिनं मानगुटीला धरून तराफ्यावर अर्धा ओढून घेतला आणि काठावर आणून टाकला. मग परत येऊन मला हात दिला.

राजा बराच वेळ नुसता पडून होता. बाईनं त्याला उताणा न ठेवता कुशीवर केला, डोकं उताराला ठेवलं, बरगड्या चोळल्या. त्यानं पाणी ओकलं, खोकला, आणि मग त्याचं पोट वर-खाली होऊ लागलं. मी त्याच्या शेजारी चिखलात बसून रडत होते.

"बैलं हायेत व्हय ही, जुपून आनायला?" बाई म्हणाली. "मला वाटलं कुनी जत्रंला आलंय. म्हटलं, आता कसली जत्रा."

"तुम्ही रोज असता इथे?" मी विचारलं.

"न्हाई. रईवारी न्हाई येत. काल जाळं इसरलं, त्ये न्यायला आले." एवढं बोलून तिनं उरलेली दोरी माझ्या हातात दिली. "जा घरी. म्हाताऱ्याला सावलीत ठेव. आन येक येक आनत जा."

तिचं नाव विचारायचं मला सुचलंच नाही. नंतर मी दोनदा तलावावर जाऊन आले. ती दिसली नाही. ती कोण, तिचं जाळं नेमकं त्याच दिवशी का राहिलं, यावर मी खूप विचार केला, आणि मग करायचं थांबवलं. मला उत्तर मिळालं होतं, एवढं मला पुरे आहे.

मंगळवारी काकू परत आल्या. डोळ्यांवर काळा चष्मा होता, नीट दिसत नव्हतं. राजाच्या गळ्यावरचा वळ त्यांना दिसला नसता, आणि तो शेपटी हलवत समोर उभा होता. मी गप्प राहिले असते तर कुणालाच कळलं नसतं. दुपारी चहा झाल्यावर मी सगळं सांगितलं. काहीच गाळलं नाही, दोरी ओढल्याचंही. काकूंनी राजाला जवळ घेतलं आणि त्याच्या गळ्याभोवती बोटं फिरवली. वळ त्यांच्या बोटांना लागला. आता खोली सोडायला सांगतील, या तयारीनं मी बसले होते.

"तुला पोहता येत नाही?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"आणि कमरेपर्यंत गेलीस?" त्या राजाला सोडून माझ्याकडे वळल्या. "तुला काही झालं असतं तर तुझ्या आईला मी काय तोंड दाखवलं असतं? एवढी अक्कल नाही? माझ्या जिवाला किती घोर लावशील?"

त्या मला रागावत होत्या. दीड वर्षात इथे माझ्यावर कुणी असं रागावलं नव्हतं. मी मान खाली घालून ते सगळं ऐकून घेतलं, आणि त्यांनी थांबू नये असं मला वाटत राहिलं.

आता मी संध्याकाळी काकूंच्या देवापुढे उभी राहते. फार काही मागत नाही. त्या दिवशीही मी नीट मागितलं नव्हतं, नुसती ओरडले होते. राजाला वाचवण्यासाठी माझ्याकडून एवढंच हवं होतं, की मी हातातली दोरी सोडावी. तेवढं मी केलं, तेही कुणीतरी रागावून सांगितल्यावर. पुढच्या वेळी न सांगता जमेल की नाही, मला माहीत नाही. पण ऐकायला कुणीच नाही, असं म्हणून मी आता गप्प बसणार नाही.