मशीनपुढचा नारळ

आमच्या कारखान्यात पूर्वी बायकांनी पॅकिंग करायचं आणि पुरुषांनी मशीन चालवायची, असं ठरूनच गेलेलं होतं. कुणी ठरवलं, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. पत्रा दाबून त्याचे भाग काढणारी प्रेस मशीन मी मागून घेतली, शिकले आणि पहिली बाई ऑपरेटर झाले. कामासाठी कारेगावात घेतलेल्या माझ्या खोलीवर त्या दिवशी मी एकटीनेच पेढे खाल्ले, आणि चांगले पोटभर खाल्ले.

पण हाताखालचा हेल्पर बिहारचा एक दणकट गडी होता आणि तो काही केल्या माझं ऐकत नव्हता. मी म्हणायचे, मशीन थांबव. तो आधी सुपरवायझरकडे बघायचा, ते मान हलवायचे, मग हा थांबवायचा. माझा असा जळफळाट व्हायचा!

तशात खंडेनवमी आली. दसऱ्याला सुट्टी, म्हणून कारखान्यातली पूजा आदल्या दिवशीच होते. मशीन पुसायची, हार घालायचा आणि ज्याची मशीन त्याने नारळ फोडायचा. मी पहाटे उठून न्हाऊन, नवी साडी पिशवीत घालून आलेले. सुपरवायझर नारळ घेऊन आले आणि माझ्यापुढून तो हेल्परच्या हातात देऊ लागले.

"मशीन माझी आहे," मी म्हटलं.

"व्हय ताई, पण नारळ गड्यानं फोडायचा असतो. बाईमाणूस देवापुढं नारळ फोडत न्हाई. तुम्ही हळदीकुंकू वाहा की."

हेल्परने हातही पुढे केला होता. आज याने माझ्या मशीनचा नारळ फोडला, की उद्यापासून माझं कोण ऐकणार, हे मला लख्ख दिसत होतं.

तेवढ्यात झेंडूच्या हारांची पाटी घेऊन माझे सासरे आत आले. इनामगावाकडे आमची फुलशेती आहे, कारखान्याला हार आमचेच जातात. सुपरवायझरना आयताच आधार मिळाला. "मामा, तुम्हीच सांगा सूनबाईला. बायका नारळ फोडत्यात व्हय?"

माझं अवसानच गळालं. कारण आमच्या घरी नवी मोटर येवो की मोटारसायकल, नारळ मामाच फोडणार. सासूबाईंचा सगळा जन्म खुरपं चालवण्यात गेला, पण दसऱ्याला खुरप्यापुढचा नारळही मामाच फोडायचे. चटणीसाठी आम्ही बायकांनी गोणभर नारळ फोडले तर चालायचे. देवापुढचा मात्र एकही नाही.

मामांनी पाटी खाली ठेवली, टोपी नीट केली आणि मशीन खालपासून वरपर्यंत बघितली.

"ही चालिवतंय कोण?"

"सूनबाईच की."

"मग हत्यार तिचं झालं. त्याचा मान दुसऱ्याला द्यायची रीत कवापास्नं निघाली? पोळ्याला आमच्या बैलापुढं शेजारी नारळ फोडतो का?"

मी तो नारळ जवळजवळ हिसकावूनच घेतला. छाती अभिमानाने अशी भरून आली होती की नेम धरायचंच राहिलं. पहिलाच घाव तिरका बसला आणि नारळ निसटून थेट मशीनखाली गडगडत गेला. पॅकिंगच्या बायकांसकट सगळे फिसकन हसले. हेल्पर वाकला, त्याने नारळ बाहेर काढला. आता हाच फोडतो, असं मला वाटलं. पण त्याने तो पुसला आणि माझ्यापुढे धरला. "जोर से, मॅडम."

मग मी असा हाणला की पाणी सुपरवायझरच्या इस्त्रीच्या शर्टावर उडालं. त्याबद्दल मला अजूनही काही वाईट वाटत नाही. दसऱ्यानंतर कामावर गेले, तेव्हा मी 'थांबव' म्हटल्याबरोबर मशीन थांबली.

पण गोष्ट तिथे संपली नाही. दसऱ्याला आम्ही गावी होतो. बांधावर पोतं अंथरून कोयता, खुरपं, फवारणीचा पंप मांडला होता. कोयत्याचा नारळ झाला, आणि खुरप्याचा नारळ मामांनी नेहमीसारखा उचलला. माझ्याच्याने राहवलं नाही.

"मामा, खुरपं चालवतंय कोण?"

मामांचा हात तसाच राहिला. माझा नवरा माझ्याकडे डोळे वटारून बघत होता. सासूबाई घाईघाईने म्हणाल्या, "फोडा हो तुम्ही. तिचं काय ऐकताय?"

मामांनी खुरप्याची झिजलेली मूठ एकदा बघितली. मग त्यांनी नारळ सासूबाईंच्या हातात दिला. "घे. खुरपं तुझंच हाय."

सासूबाईंनी पदर खोचला, धोंड्यावर एकच घाव घातला आणि नारळाची सरळ दोन भकलं झाली. दोन्ही हातांत एकेक भकल धरून त्या बघतच राहिल्या.

"एवढंच व्हतं व्हय?" त्या म्हणाल्या.