बुडालेल्याने काय करायचं

आमच्या ह्यांचा धंदा काय, असं कोणी विचारलं की मला अजून घाम फुटतो. खेळ तयार करतात म्हटलं की लोक मोबाइलकडे बघतात. मोबाइलवरचे नव्हेत हो! टेबलाभोवती चार जण बसतात, कोणी खलाशी होतो, कोणी चोर, फासे टाकतात आणि तोंडाने गोष्ट रचत जातात. मग जिंकतं कोण? कोणीच नाही. मी दातांच्या दवाखान्यात काम करते. तिथे दात दुखतो, दात निघतो, विषय संपतो. ह्यांचा विषय कुठे संपतो ते मला लग्नापासून कळलेलं नाही.

ह्यांचे भागीदार दोन. एक चित्रकार, बोटांना कायम शाई आणि तोंडाला कुलूप. दुसरी नियमवाली. ती दिवसा विम्याच्या कचेरीत कागदांतल्या पळवाटा शोधते आणि संध्याकाळी ह्यांच्या खेळातल्या. तिचं आणि ह्यांचं एका नियमावरून वाजलं होतं. नव्या खेळात एक गळकं जहाज आहे. त्यात कोणी बुडाला तर तो बाद होत नाही, तो पाणी होतो, आणि पाणी काय करतंय ते उरलेल्यांना सांगत राहतो.

“कोणाला कळणार नाही हे,” नियमवाली म्हणाली. “मेला की मेला. उठायचं.”

“बाद कोणीच व्हायचं नाही,” हे म्हणाले. एरवी गरीब गाय, पण इथे हटूनच बसले. एका ओळीसाठी एवढं काय, म्हणून मी विचारलं, तर ताटावरून उठून गेले.

शेवटी ठरलं, की अगदी अडाण्यांच्या हाती नुसतं पुस्तक द्यायचं. ह्यांनी खोलीत बसायचं, पण चकार शब्द काढायचा नाही. पुस्तक विकत घेणाऱ्याच्या घरी हे थोडेच जाणार आहेत समजवायला? बुडालेला माणूस खेळत राहिला तर नियम राहील. उठून गेला तर नियम जाईल आणि पुस्तक तसंच छापखान्यात.

अडाणी शोधायला लांब जावं लागलं नाही. मी, माझा भाऊ आणि सासूबाई.

पुस्तक माझ्या हातात, त्यातलं वाचायचं तेवढंच, पदरचं काही सांगायचं नाही. त्यामुळे गोंधळाला काय तोटा! भाऊ म्हणे, जहाज माझं, कारण माझा फासा मोठा पडला. सासूबाई जहाजावरच्या स्वयंपाकीण. प्रत्येक वादळात त्यांचं एकच, “आधी जेवून घ्या.” ह्यांच्याकडे बघावं तर हे तोंडाशी उशी धरून बसलेले, आणि डोळे नुसते बडबडतायत.

नेमक्या सासूबाईच बुडाल्या. “बुडाले का मी? बरं झालं,” म्हणाल्या, गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि गॅलरीत वाळलेले कपडे काढायला गेल्या.

कोपऱ्यात बसून बघणाऱ्या नियमवालीने ओळ खोडायला पेनाचं टोपण काढलं. मला ह्यांच्याकडे बघवेना. एवढा राग आला मला, त्या पेनाचाही आणि त्या मेल्या जहाजाचाही!

आम्ही दोघं आपले सुरू केलंय म्हणून खेळत राहिलो. भाऊ म्हणाला, “मी तळाशी जाऊन भोक बुजवतो.”

“नको जाऊस रे,” गॅलरीतून आवाज आला. “तिथे कमरेपर्यंत आलंय. दिवा वर धर आधी.”

भावाने खरंच हात वर केला. मग चादरींच्या आडून सासूबाई पाणी चढवत होत्या, उतरवत होत्या, आणि आम्ही खुर्च्यांवर पाय घेऊन बसलो होतो.

खेळ संपल्यावर नियमवालीने पुस्तक ओढून घेतलं. “अहो, तुम्ही दोन पानं एकदम उलटलीत! बुडण्याचा नियम वाचलाच नाही.” मग सासूबाईंकडे वळली. “काकू, मग बुडाल्यावर बोलायचं हे तुम्हाला कोणी सांगितलं?”

सासूबाई कपड्यांच्या ढिगाआडून आमच्याकडे बघतच राहिल्या. “सांगायचं काय त्यात? लहानपणी पळाला की ह्याला दम लागायचा. पोरं कच्चा लिंबू म्हणून पायरीवर बसवायची. हा तिथून ओरडायचा, डावीकडे नदी आहे, मागे वाघ आलाय. आणि पोरं पळायचीसुद्धा! म्हटलं, ह्याचा खेळ म्हणजे असाच असणार.”

मला हे कधीच सांगितलं नव्हतं ह्यांनी. आता बोलायला मोकळीक होती, तरी उशी काही तोंडावरून निघेना.

सासूबाई उठून गेल्या होत्या, म्हणजे नियमवाली जिंकली. खेळत राहिल्या होत्या, म्हणजे हे जिंकले. मला अजून उलगडा झालेला नाही. नियमवालीने मात्र जुनी ओळ खोडली आणि तिच्या जागी नवी लिहिली: ‘बुडालेला टेबलापासून उठून गेला तरी चालेल. त्याचा आवाज आत आला, तर ऐकायचा.’