दूधसागरचा आळ

नामदेव साळवे गेल्याचा निरोप टाइम ऑफिसातून आला, तेव्हा दुसरी शिफ्ट नुकतीच आत येत होती. मी प्लॅनिंगच्या टेबलाशी पुढच्या आठवड्याची कामं लावत बसलो होतो. त्याला कावीळ झाल्याचं सगळ्यांना माहीत होतं. दहा दिवसांपूर्वीच मी देहूरोडला त्याच्या घरी जाऊन आलो होतो. डोळे हळदीसारखे पिवळे पडले होते, पण बोलणं नेहमीसारखंच, मोजकं. उठता उठता मी त्याला म्हणालो, की एकदा मोशीला जाऊन येतो, नारायणच्या आईला खरं काय ते सांगून टाकतो. तो म्हणाला, "चार वर्षं गेली, साहेब. मी आहे तोवर राहू द्या..." आणि खरं लिहायचं तर, त्या क्षणी मला सुटल्यासारखं वाटलं.

नामदेव आमच्या मशीन शॉपमधला फिटर. वडील देहूरोडच्या लष्करी डेपोत हमाल होते. पिंपरीची शेतं कुंपणात जाऊन एकामागून एक कंपन्या उभ्या राहत होत्या, त्या दिवसांत तो आणि मी एकाच आठवड्यात कामाला लागलो. मी ऑफिसात, तो शॉपमध्ये. वय सारखं, तरी मला 'साहेब' म्हणणं त्यानं कधी सोडलं नाही. मॅनेजमेंटची नोटीस लागली की जेवणाच्या सुट्टीत तो बोर्डापुढं उभा राहून ती मोठ्यानं वाचायचा. अवघड शब्द आला की थांबायचा आणि 'म्हणजे असं बघा' म्हणून सोपं करून सांगायचा. ज्यांना वाचता येत नव्हतं ते तर ऐकतच, ज्यांना येत होतं तेही ऐकत.

मोशीचा नारायण त्याच्याच हाताखाली तयार झाला. वडील लहानपणीच गेलेले, इंद्रायणीकाठी थोडी शेती, घरात आई एकटी. ही पारूआक्का एकदा वांग्यांची पाटी घेऊन माझ्या घरी आली, पोराला कुठं तरी चिकटवा म्हणाली. मी शब्द टाकला आणि नारायण ऑपरेटर म्हणून लागला. तेव्हापासून ती मला देवासारखं मानायची. नारायण पर्मनंट झाला तेव्हा पंचविशीत होता. माझ्या टेबलामागच्या कॅलेंडरवर दूधसागरचा फोटो होता. जाता-येता तो त्या फोटोपाशी रेंगाळायचा. पर्मनंट झालास की तुला तिथं नेईन, असं मीच त्याला म्हणालो होतो. दसऱ्याची सुट्टी जोडून नारायण, नामदेव आणि मी असे तिघं निघालो.

मिरजेला गाडी बदलून लोंढ्यावरून लहान गाडीनं आम्ही सकाळी तिथल्या थांब्यावर उतरलो आणि रुळांच्या कडेनं चालत पुलापाशी गेलो. भोवती असं दाट जंगल, की ऊन जमिनीवर उतरतच नव्हतं. नुकतंच ते राष्ट्रीय उद्यान झालेलं. धबधबा एका उडीत खाली येत नाही. डोंगराच्या टप्प्याटप्प्यांवर आपटत, थांबत, पुन्हा फुटत तो पुलाखालून दरीत जातो. नारायण कितीतरी वेळ नुसता बघत उभा होता. आईला आणायला पाहिजे होतं, एवढंच म्हणाला.

पुलापाशी जंगलखात्याचा एक माणूस भेटला. पावसाळा आत्ताच सरलाय, वर जाऊ नका, दगडांवर शेवाळ आहे, असं त्यानं बजावलं. नामदेव लगेच मागं फिरला. मी म्हणालो, "इतक्या लांब आलोय, वरच्या टप्प्यापर्यंत तरी जाऊ." तो माणूस नजरेआड होताच मी चढायला लागलो. माझ्यामागं नारायण निघाला, आणि नारायण निघाला म्हणून नामदेव.

वरच्या टप्प्याशी एक डोह होता. नारायणनं पिशवी माझ्याकडे दिली आणि तोंड धुवायला वाकला. उठताना त्याचा पाय सरकला... ओरडलासुद्धा नाही. पाणी त्याला टप्प्याच्या कडेकडे ओढू लागलं. नामदेव दगडावर पालथा पडला आणि त्यानं त्याचा हात पकडला. किती वेळ धरून ठेवला असेल, मला सांगता येणार नाही. मी दोन्ही हातांत पिशव्या धरून उभा होतो. त्या खाली ठेवायचंही मला सुचलं नाही. मग नामदेवचा हात रिकामा झाला.

देह दुसऱ्या दिवशी खालच्या डोहात सापडला. आणण्यासारखा नव्हता, तिथंच अग्नी दिला. पोलिसांनी जबाब घेताना विचारलं, की मनाई असताना वर जायचं कुणी ठरवलं. मी तोंड उघडायच्या आत नामदेव म्हणाला, "मी."

बाहेर आल्यावर मी त्याला म्हणालो, की हे काय केलंस. त्याच्या छातीला खरचटलेलं होतं, शर्टाला रक्त लागलं होतं. तो म्हणाला, "त्या बाईला आता तुमच्याशिवाय कोण आहे? तुम्हीच नेलंत म्हटलं, तर तिनं कुणाच्या दारात जायचं? माझ्यावर राहू द्या." मी नाही म्हणायला हवं होतं. मी म्हणालो नाही.

मोशीत पारूआक्कानं ऐकून घेतलं आणि नामदेवला म्हणाली, "तुजं बी असंच हूईल." तो मान खाली घालून उभा राहिला. गावात पुढं त्याच्या नावाला जात जोडून बोलणं सुरू झालं. तसल्याच्या नादी पोरगं लागलंच कशाला, असं पारावर एकजण माझ्यासमोरच म्हणाला. मी हातातला चहा संपवला आणि बस पकडली. शॉपमध्ये नारायणचे गाववाले होते. नामदेव नोटीस वाचायला उभा राहिला की ते उठून जात. महिन्याभरात त्यानं नोटीस वाचणं बंद केलं. मी मात्र दर दिवाळीला मोशीला जायचो. पारूआक्का मला घरातल्या एकुलत्या एका खुर्चीवर बसवायची, समोर ताट वाढायची. मी जेवायचो.

नामदेव गेल्यावर तेराव्या दिवशी मी मोशीला गेलो. या वेळी खुर्चीवर बसलो नाही. उभ्यानंच सगळं सांगितलं, पिशव्यांसकट. ती शेंगा फोडत होती. हात थांबले.

"मंग चार वर्सं मी कुणाला शाप देत व्हते?" ती म्हणाली.

मग तिनं नामदेवचं घर देहूरोडला नेमकं कुठं, एवढंच विचारून घेतलं आणि दार लोटलं.

गेल्या रविवारी मी नामदेवच्या बायकोला, शांताबाईंना, कंपनीचे काही कागद द्यायला गेलो. आतल्या खोलीत, नामदेव आजारपणात पडून असायचा त्या खाटेच्या पायथ्याशी, पारूआक्का जमिनीवर बसली होती. दोन बस बदलून एकटीच आली होती. शांताबाई म्हणाल्या, हा त्यांचा तिसरा रविवार. पहिल्यांदा आल्या तेव्हा दारातच बसून राहिल्या, आत या म्हटलं तरी उठेनात. आत आल्यावर मात्र त्याच्याविषयीच विचारत राहिल्या... काय खायचा, पोरांना रागवायचा का, झोप लागायची का.

मी दारातच घुटमळलो. पारूआक्कानं माझ्याकडे पाहिलं.

"बसा," ती म्हणाली. "पर माज्याशी बोलू नगा."

मी बसलो. खुंटीवर नामदेवचा कंपनीचा निळा शर्ट होता, धुऊन, इस्त्री करून लावलेला. शांताबाई म्हणाल्या, काढायला हात उचलत नाही. त्याच्याखाली आम्ही तिघं दिवे लागेपर्यंत बसून होतो. त्या दोघी अधूनमधून हळू आवाजात बोलत होत्या. मी ऐकत होतो.