वरचा परिच्छेद

टेबलावर कागद आला की अण्णा आधी त्याच्या वरच्या भागावर पालथा पंजा ठेवायचे. "हे झाकलेलं राहू दे. खालून वाचा."

वरच्या परिच्छेदात काय असणार, हे तुम्ही ओळखलंच असेल. सुरुवात कुणी केली! आमच्या पुण्याच्या सोसायटीत पार्किंगच्या वादाचं घोडंही तिथेच अडलं होतं. अण्णांचा वाद फार मोठा होता. ते श्रीलंकेतले तमिळ, इथे आयर्लंडमध्ये सिटीवेस्टच्या ऑफिसात माझ्या शेजारच्या डेस्कवर बसायचे. तमिळमध्ये थोरला भाऊ अण्णन, म्हणून मी त्यांना अण्णा म्हणायचे आणि ते मला तंगच्ची, म्हणजे धाकटी बहीण.

स्वतः धरून इथले सात तमिळ आणि आठ सिंहली ते दर महिन्यातल्या एका रविवारी एका हॉलमध्ये बसवायचे. दोन्हीकडच्या सह्यांचं एकच पान करून तिथल्या सरकारला पाठवायचं होतं. प्रांतांना अधिकार द्या, बळकावलेल्या जमिनी परत करा आणि बेपत्ता माणसांचं काय झालं ते सांगा. अण्णांचा धाकटा भाऊ युद्धात बेपत्ता झाला होता. लष्कराने नेला म्हणून त्यांची म्हातारी आई गावात रस्त्याकडेला त्याचा फोटो घेऊन इतर आयांबरोबर वर्षानुवर्षं धरणं धरून बसत होती. "ती आहे तोवर हे पान जायला हवं," अण्णा म्हणायचे.

मी तिथे कशाला? तर बैठकीचे मिनिट्स लिहायला. मी दोन्हीकडची नव्हते आणि मिनिट्सच्या बाबतीत माझा हात कुणी धरू शकत नाही, असा माझा समज होता. कोण काय बोललं ते नावानिशी लिहायचं आणि बैठक संपल्याच्या तासाभरात सगळ्यांना मेल करायचं. ऑफिसात याचं कौतुक होतं.

हॉलची किल्ली सांभाळणारे आजोबा उत्तरेकडचे, बेलफास्टचे. डोकावून मला विचारायचे, "युवर मॅन, तो तुमचा मित्र, अजून हात ठेवून बसलाय? ग्रँड, छान. आमच्या दोन बाजूंनी तह केला, पण वरचा परिच्छेद आमचाही लिहून झालेला नाही." अण्णा खदखदून हसायचे आणि त्यांना डब्यातला वडा द्यायचे.

शेवटच्या बैठकीत खालचं सगळं ठरलं. मग किलकेनीहून येणारे सिंहली डॉक्टर बोलले. त्यांचे वडील बसमधल्या बॉम्बने गेले होते. "वर एकच वाक्य हवं. दोन्ही बाजूंनी निरपराध माणसं मारली. एवढं लिहा, आम्ही सही करतो."

तमिळ मंडळी उसळली. "आमच्या लढणाऱ्या पोरांना लष्कराच्या पंगतीत बसवता?" दोघे तर जॅकेट चढवून उभे राहिले.

अण्णांनी कागदावरचा हात उचलला.

"माझ्या भावाला लष्कराने नेलं नाही," ते म्हणाले. "आपल्याच पोरांनी नेलं. आई देवळात होती, मी घरात होतो. त्यांचं नाव घेतलं असतं तर मलाही नेलं असतं. लष्कर आलं होतं असं आईला मीच सांगितलं." मग डॉक्टरांकडे वळून म्हणाले, "लिहा तुमचं वाक्य."

मी लिहीत होते. शब्द न् शब्द लिहिला, नावानिशी, आणि तासाभरात पंधराही जणांना मेल केला. मला वाटलं, आज खरं काम झालं. माझ्यासारखी मूर्ख बाई शोधून सापडायची नाही.

दोन दिवसांत तो मेल अण्णांच्या गावात पोचला होता. कुणीतरी तो तमिळमध्ये आईला वाचून दाखवला, तिथेच, रस्त्याकडेला. बाकीच्या आयांनी तिला रांगेतून उठवलं.

अण्णांनी हे मला कॅन्टीनमध्ये सांगितलं. मी रडायला लागले. "तू खरं तेच लिहिलंस, तंगच्ची," ते म्हणाले. "मी तिला तोंडाने सांगायला हवं होतं. तीस वर्षं हातात होती." ओरडले असते तर फार बरं झालं असतं. आई फोन घेत नव्हती आणि इथल्या तमिळ मंडळींनी तर त्यांच्याशी बोलणंच टाकलं होतं. त्या आठवड्यात ते गावी गेले. त्यानंतर त्यांचा फोन बंद आहे. ऑफिसने त्यांचं डेस्क आता दुसऱ्याला दिलंय.

महिन्याभराने एका दुपारी बेल वाजली. दारात डॉक्टर. हातात ते पान, खाली आठच्या आठ सिंहली सह्या.

"त्यांचं ऐकल्यावर आमच्यातल्या एकानेही हुज्जत घातली नाही," ते म्हणाले. "आता त्यांची सही हवी."

मी सांगितलं, ते नाहीत. बाकीच्या सहाही तमिळांना मी फोन केले होते. एकही सही करायला तयार नव्हता. माझ्यामुळे हे झालं, हेही मी सांगून टाकलं.

डॉक्टरांनी पानाची घडी घालून ते खिशात ठेवलं. मग म्हणाले, "पुढच्या महिन्यात मी तिकडे जातोय. त्यांच्या आईला भेटेन म्हणतो. नाव काय त्यांचं? गाव कुठलं?"

मी वही उघडली. प्रत्येक बैठकीचं एकूण एक वाक्य त्यात होतं. त्या बाईचं नाव मी कधी विचारलंच नव्हतं.