गौरीला आखाजीचं मूळ

कुंदाबाई भंगाळे यांना मी पहिल्यांदा पाहिलं ते जळगावात, गुरांच्या दवाखान्यासमोर थांबलेल्या एका रिक्षात. शहाऐंशी साल असावं. मागच्या सीटवर वासराएवढी करडी कुत्री ऐसपैस बसली होती आणि बाई पुढे, ड्रायव्हरशेजारी अंग चोरून. मांडीवर फडक्यात गुंडाळलेलं एक रस्त्यावरचं पिल्लू होतं, त्याचा पाय मोडलेला. रिक्षावाला हिलाल माझ्या ओळखीचा. तो म्हणाला, "गुरुजी, तुम्हीच सांगा, भाडं कोणाचं घेऊ? बसली तिचं का लटकली तिचं?"

"तिचंच घे," बाई उतरता उतरता म्हणाल्या. "मले तर तू अर्ध्या बुडावर आनलं."

मी हसलो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पिल्लू सरळ माझ्या हातात दिलं. "हसून झालं असंल तर धरा जरा. मी हिले उतरवते." अशी आमची ओळख झाली.

त्यांचे यजमान लीलाधरभाऊ महूला फौजेत होते. तिथल्या एका साहेबाची बदली झाली तेव्हा त्याने आपली ग्रेट डेन जातीची कुत्री यांच्या स्वाधीन केली. भाऊ ती घेऊन जळगावजवळ पिंप्राळ्याला, घरी आले आणि दोनेक वर्षांत हृदयविकाराने गेले. भावकीतल्यांनी कुत्री कोणाला तरी देऊन टाकायचा सल्ला दिला. कुंदाबाईंनी ती ठेवून घेतली. पुढे पुण्याहून नर आणून तिची पिल्लं काढली, पण डॉक्टरांनी दोघांची कंबर आणि छाती तपासल्यावर. मादी दोन वर्षांची पुरी होण्याआधी नाही, आणि एका वेतानंतर पुढचं वर्षभर नाही, हे त्यांनी कधी मोडलं नाही. उन्हाळ्यात केळीच्या बागेतून ओली गोणपाटं येत, ती अंगणात अंथरली जात. जेवण झालं की मोठ्या कुत्र्यांना तासभर हुंदडू देत नसत. पोटाला पीळ पडून एक नर दगावला होता, तेव्हापासून.

पिल्लू मागायला येणाऱ्याला मात्र आधी परसात नेत. तिथे रस्त्यावरून उचललेली पाच-सात गावठी पिल्लं कायम असायची. खरूज झालेली, गाडीखाली सापडलेली, कोणी पोत्यात घालून टाकलेली. "पह्यले ही पाहून घ्या," असं त्या म्हणत. कितीतरी माणसं ग्रेट डेन घ्यायला आली आणि गावठी पिल्लू घेऊन, खुशीत घरी गेली. मीही त्यांतला एक. बायको गेल्यावर घर खायला उठायचं, म्हणून मोठं दांडगं कुत्रं आणावं असं माझ्या मनात होतं. कुंदाबाईंनी माझ्या दोन खोल्या पाहिल्या, जिना पाहिला आणि म्हणाल्या, "गुरुजी, ते कुत्रं इथं वळलं तर तुमाले बाहेर जावं लागंल." त्यांनी मला तांबड्या रंगाची एक गावठी कुत्री दिली. ती तेरा वर्षं माझ्याजवळ राहिली. त्या तेरा वर्षांसाठी मी त्यांचा ऋणी आहे.

तरीही कोणी ग्रेट डेनवरच अडून बसलं, तर बाई त्याचं घर बघायला जात, लेकीला स्थळ बघायला जावं तशा. आवार केवढं, दिवसभर घरी कोण, बाईमाणूस कुत्र्याला भितं का, शेजारी कसे. आणि एक अट असे: आखाजीला कुत्रं पिंप्राळ्याला भेटीला आणायचं. अक्षय्य तृतीयेला आम्ही आखाजी म्हणतो. तेव्हा सासरी असलेल्या लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात. त्या दिवशी कुंदाबाईंच्या कडुनिंबाखाली सावदा, पहूर, भुसावळकडून कुत्री येत. बाई प्रत्येकाचे दात बघत, पाठीवरून हात फिरवत, आणि माणसांना आमरस वाढत.

चूक झाली ती एकदाच. त्यांची एकुलती लेक मंदा पाचोऱ्याला दिलेली. तिचे सासरे जीवराम नाना कापसाचे व्यापारी. त्यांनी गौरी नावाचं पिल्लू मागितलं आणि कुंदाबाईंनी घर न बघता दिलं. व्याह्याच्या घराची पारख करायला कसं जायचं? लेक दिली त्या घरात कुत्र्यासाठी चौकशी करणं म्हणजे अपमान. आमच्याकडे कोणीही असंच केलं असतं.

त्यानंतरच्या पहिल्या आखाजीला मंदा आली, गौरी आली नाही. "गाडी मिळाली नाही," असं कळलं. दुसऱ्या आखाजीलाही मंदा एकटीच आली. तेव्हा मी तिथेच होतो. आईने विचारलं, "गौरी कशी हाये?" मंदा परातीतली कणीक मळत राहिली. आईने परत विचारलं तेव्हा ती रडायलाच लागली. वर्षाचीही झाली नव्हती तेव्हापासून गौरीची पिल्लं काढणं चालू होतं. प्रत्येक वेळी माजावर आली की नाना नर आणत, पिल्लं महिन्याची होताच विकत.

कुंदाबाई त्या रात्री जेवल्या नाहीत. सकाळी उजाडायच्या आत त्यांनी ओळखीच्या केळीवाल्याचा टेम्पो बोलावला. "गुरुजी, तुमी या. मंदाले तुमी शिकवलं. नाना तुमच्यापुढं आवाज चढवनार नाई." मंदाही बसली.

नाना ओसरीवर चहा पीत होते, दोन-चार कापूसवाले शेजारी. व्याहीणबाईंना टेम्पोतून उतरताना पाहून ते उठले. "अरे वा! आखाजी माहेरात असते, तुम्ही ती सासरी घेऊन आल्या?"

"मूळ घेऊन आली, नाना. गौरीचं." लेकीला माहेरी आणायला जे बोलावणं किंवा माणूस जातं, त्याला मूळ म्हणतात. त्यांच्या हातात खणनारळ होता.

कापूसवाले खो खो हसले. "कुत्रीले मूळ?" एकजण म्हणाला. "बाई, मग कुत्र्या-जावयालाही धोतर द्या!"

नानाही हसले, पण गौरीला मागच्या शेडमधून आणलं तेव्हा हसू ओसरलं. बरगड्या मोजता येत होत्या. थानं ओघळलेली. तिने कुंदाबाईंना ओळखलं नसावं. नुसती येऊन त्यांच्या पायांवर डोकं टेकून बसली.

"आठ दिवसांनी परत आणून द्या," नाना म्हणाले.

"नाई, नाना. ही परत येनार नाई."

नाना हळू बोलले, तेच जास्त बोचलं. "व्याहीणबाई, दारात येऊन माझी झडती घेतली, बरं. कुत्री न्या. पण मग पुढच्या आखाजीला मंदाला मूळ पाठवू नका. ती येणार नाही."

कुंदाबाईंचा हात गौरीच्या डोक्यावर होता, तो तिथेच थांबला. मी काही बोलणार, तेवढ्यात मंदा टेम्पोजवळून पुढे आली. सासऱ्यापुढे ती पाच वर्षांत मान वर करून बोलली नव्हती. डोक्यावरचा पदर सावरत म्हणाली, "नाना, मी नाही गेली तरी चालंल. हिला जाऊ द्या."

आतून नानांची बायको बेबाबाई आली, तिने खणनारळ घेतला, गौरीच्या कपाळाला कुंकू लावलं आणि म्हणाली, "न्या माय. माझ्याच्यानं रोज बघवत नव्हतं."

मंदा तिथेच राहिली. टेम्पोत बाईंनी गौरीचं डोकं मांडीवर घेतलं होतं, ते पाचोऱ्यापासून जळगावपर्यंत हलवलं नाही.

डॉक्टरांनी ऑपरेशन करून गौरीची पिल्लं कायमची बंद केली. ती पुढे चार वर्षं कडुनिंबाखाली जगली, अंगाने भरली, परसातल्या गावठी पिल्लांना चाटून वाढवायची. मंदा तीन आखाज्या माहेरी आली नाही. त्या तिन्ही वर्षी कुंदाबाईंनी झोका बांधला आणि सोडला. पाचोऱ्याबद्दल वाकडा शब्द मात्र काढला नाही. "बेबाबाईनं कुंकू लावलं," एवढंच म्हणत. "मी ते इसरनार नाई."

चौथ्या आखाजीला मंदा आली. सोबत टोपलीत एक खरूज झालेलं पिल्लू. नानांचा निरोप होता: "तुझ्या आईला दे. असल्यांची धर्मशाळा तिनंच काढली ना?" कुंदाबाईंनी निरोप ऐकला, पिल्लू उचललं आणि त्याच्या अंगाला करंजाचं तेल चोळत बसल्या. हसत होत्या. नंतर मला म्हणाल्या, "गुरुजी, टोमना दिला; पन मी मूळ न धाडता लेक पाठवली, नाई का?"

त्या वर्षापासून त्यांनी ग्रेट डेनची वेतं जवळजवळ थांबवली. शेवटचं वेत सत्त्याण्णव साली झालं, चारच पिल्लं, चारही घरं त्यांनी स्वतः बघितली. त्यांतलं एक त्यांच्याच चुलतभावाचं होतं, आणि तिथेही त्या खोलीखोलीतून फिरल्या.

कुंदाबाई आता ऐंशीच्या पुढे आहेत. नाना गेल्यावर मंदा आणि जावई पिंप्राळ्यालाच राहायला आले. मोठी कुत्री घरात उरलेली नाहीत. परसात सध्या सहा गावठी पिल्लं आहेत, आणि त्यांची भाकरी मंदा कुस्करते.