पोराला तोलू नका!

अंगणवाडीत नोकरी धरली की किस्से गोळा करावे लागत नाहीत. सकाळी कुलूप काढायच्या आधीच ते पायरीवर येऊन बसलेले असतात! मीटिंगला आम्ही सगळ्या सेविका ढोकीला जमतो. पर्यवेक्षिका मॅडम यायच्या आधी चहा होतो आणि मग सुरू, "तुझ्या गावात काय नवीन गं?" पोट धरून हसतो. परत येताना जीपमध्ये मात्र जी ती बाहेर बघत बसते.

* * *

एक पोरगं आलं, तीन वर्षांचं. कितीतरी दिवस तोंडच उघडलं नाही. मग एकदा एकदम म्हणालं, "दोस्तों, मुझे पानी चाहिए!" मी हादरलेच. घरात सगळे पक्के मराठवाडी, ह्याला हिंदी कुठली?

आई मात्र खूश. "बगा ताई, न शिकवता हिंदी यायली त्याला!"

म्हणलं, "बाई, मराठी कधी यायची?"

"मराठी घरचीच हाय की. कुटं पळून जाती व्हय?"

घरचीच खरी, पण घरात त्याच्याशी बोलतंय कोण? उठल्यापासून हातात मोबाईल, घास भरवायचा तरी मोबाईल. आमची मदतनीस शेवंता म्हणाली, "ताई, त्याची आई मोबाईलच हाय. ही बाई नुसती चार्जिंगला लावती!"

* * *

एकदा पर्यवेक्षिका मॅडम आल्या तेव्हा पोरं घर-घर खेळत होती. एक पोरगं 'बाप' झालं आणि झोकांड्या खात दारातनं आत आलं. त्याबरोबर 'आई' झालेल्या पोरीनं भांडी उचलून लपवली, बाहुली काखेत मारली आणि दारामागं जाऊन उभी राहिली. कुणी शिकवलेलं नव्हतं.

मॅडमनी टाळ्या वाजवल्या. "वा! काय अभिनय करतात हो तुमची मुलं!"

म्हणलं, "व्हय मॅडम, घरी रोज तालीम असते त्यांची."

मॅडमनी फोटो काढून ग्रुपवर टाकला. खाली नुसते अंगठेच अंगठे!

* * *

आता गुरुजींच्या घरचं ऐका. आमच्या गावचे गुरुजी लोहाऱ्याकडं शाळेवर आहेत, शनिवारी घरी येतात. पगार चांगला, दारात दोन म्हशी, घरात फ्रिज. म्हणजे गरिबीचं नाव घ्यायला जागा नाही. त्यांना जुळं झालं, एक पोरगा आणि एक पोरगी.

पोरगा झाला की पेढे, पोरगी झाली की बर्फी, ही आपल्याकडची रीत. मला वाटलं, दोन्ही येणार! आले पेढे. बर्फीचं विचारलं तर गुरुजींची आई, सोजरआज्जी, म्हणाली, "आगं, पोरगं झाल्यावर बर्फी कशाला वाटायची?"

बारशाला पोराचं नाव ठरलेलं होतं, राजवीर. पोरीच्या पाळण्यापाशी आत्या अडखळली. "हिचं काय ठिवू? कुणी सांगितलंच न्हाय." मागनं कुणीतरी म्हणलं, "ठिव राणी." झाली राणी!

* * *

वर्षभरात राजवीर गुटगुटीत आणि राणीच्या हातापायाच्या काड्या. सुनेच्या अंगावरचं दूध आधी पोराला, मग उरलं तर हिला. म्हशीचं तसंच. मी आज्जीला म्हणलं, "पोरगी वाळत चाललीय, बघा जरा." आज्जी शांतपणे म्हणाली, "पोरगी कशावर बी वाढती. तण काय खत घालून वाढतंय व्हय?"

पोषण आहाराची पाकिटं राणीच्या नावानं घरी जायची. एकदा गेले तर पाकीट म्हशीच्या पाटीत! माझं डोकंच फिरलं. "आज्जी, हे पोरीचं हाय ना?"

"पोरगी खाईना की. म्हस लई आवडीनं खाती. दूध बी वाढलं बग!"

"मग ते वाढलेलं दूध राणीला देता का?"

"ते डेअरीला जातंय."

* * *

वजनाच्या दिवशी वेगळाच तमाशा. आज्जी राजवीरला पदराखाली झाकून बसायची. "पोराला तोलू नका! दृष्ट लागती. हिला तोला, हिला कशाची दृष्ट?"

तोललं. राणीचं वजन तक्त्यावर पार लाल पट्ट्यात. मी तक्ता आज्जीपुढं धरला. "बघा, राणी लाल रंगात गेलीय."

"मग काय झालं? लाल शुभच असतंय की!"

सून शेजारीच उभी. डोळ्यांत पाणी, पण सासूनं मान वळवली तशी पदरानं टिपून घेतलं. मला तिची कीवही आली आणि रागही.

* * *

शेवटी गुरुजींना शनिवारी स्टँडवरच गाठलं. त्यांच्या वर्गाच्या भिंतीवर त्यांनीच ठळक अक्षरांत रंगवलंय, मुलगी शिकली, प्रगती झाली. फोटो माझ्या मोबाईलवर त्यांनीच पाठवलेला.

म्हणलं, "गुरुजी, आपल्या राणीचं काही खरं नाही हो."

गुरुजी इकडंतिकडं बघून हळू म्हणाले, "ताई, घरातलं आई बघती. मी काय बोलणार?"

म्हणलं, "मग भिंतच चांगली, ती बोलती तरी!" गुरुजी हसले. मला वाईट वाटलं ते त्या हसण्याचं.

* * *

पावसाळा संपता संपता डॉक्टर तपासणीला आले. राणीला बघून त्यांचा चेहराच उतरला. "हिला ताबडतोब धाराशिवला दवाखान्यात ठेवा, आईसकट. उशीर केला तर पोरगी हातची जाईल."

मी तशीच गुरुजींच्या घरी. आज्जी ऐकेना. "सून तिकडं जाऊन बसली तर माझ्या नातवाचं कोण करंल?" मी भांडले, हात जोडले. पोरगी गेली तर काय कराल, असंही बोलले. "देवाच्या मनात आसंल ते हुईल," म्हणून आज्जी निवडायला डाळ घेऊन बसली.

मग मी दुसरी वाट धरली. म्हणलं, "आज्जी, तिथं एक पैसा लागत नाही. लेकराला दूध, अंडी, खीर, सगळं वेळच्या वेळी मिळतंय. डॉक्टर सारखं बघायला येतात. लेकरू कसं टुणटुणीत होऊन येतंय!"

आज्जीचा हात डाळीतच थांबला. "आसं व्हय? आन् हे समदं फुकट?"

"समदं फुकट!"

"मग धाडते उद्याच."

मी उडतच अंगणवाडीत आले. "शेवंते, जिंकलं गं आपण! पोरगी वाचली!" शेवंतानं चक्क मला मिठी मारली.

सकाळी मी एसटीनं धाराशिवला जाऊन दवाखान्याच्या दारात उभी राहिले. गुरुजींनी रजा टाकली होती. मोटरसायकल आली, मागं सून, खांद्यावर शालीत गुंडाळलेलं लेकरू. मला भरूनच आलं. तिला हाताला धरून आत नेलं, कॉटवर बसवलं. सिस्टर म्हणाल्या, "द्या बघू बाळाला," आणि त्यांनी शाल काढली.

आत राजवीर. गाल टम्म, कपाळाला काळी तीट, हातात बिस्कीट.

सिस्टर माझ्याकडं बघायला लागल्या. गुरुजी मोटरसायकल नीट लावून येतो म्हणून बाहेर गेले. कसंबसं म्हणलं, "अगं बाई, राणी कुठंय?"

सून खाली मान घालून म्हणाली, "घरी हाय. सासूबाई म्हणल्या, एवढं चांगलं खायाप्यायला मिळतंय, तर पोरीला कशाला? पोराला घिऊन जा."