चुकलं म्हणायला काय जातंय

भावाच्या जामिनाची सुनावणी सोमवारी होती आणि शुक्रवारी वकीलबाईंचा फोन आला. तुरुंगात त्याच्या अंथरुणाखाली मोबाईल सापडला होता, आता नवा गुन्हा दाखल होणार होता. मारामारीच्या केसमधला तो कच्चा कैदी, अजून शिक्षा कशाचीच नव्हती. बराकीत माणसं खेटून झोपतात, मोबाईल कुणाचाही असेल.

बाई म्हणाल्या, "आत असला तरी त्याला हक्क आहेत. आरोप काय ते त्याला सांगावं लागतं, त्याचं म्हणणं ऐकावं लागतं. मी भेटेपर्यंत त्यानं काही कबूल करू नये. एवढंच सांगा त्याला."

ते 'एवढंच' घोकत मी आईला घेऊन कोरेगावहून सांगलीला निघाले. आईचं वेगळंच चाललेलं. "हात जोडायचं, चुकलं म्हणायचं, सुटायचं. चुकलं म्हणायला काय जातंय?" आमच्या भावकीत असंच मिटतं. खोडी कुणीही काढो, आई आम्हाला चुलत्याच्या दारात उभं करायची. आम्ही चुकलं म्हणायचो, मग चहा व्हायचा आणि भांडण संपायचं.

"अगं, तिथं भावकी न्हाई बसलेली!" मी एसटीत ओरडले. तिनं खिडकीकडं तोंड फिरवलं.

भेटीला काचेपलीकडं भाऊ आला. वाळला होता. बोलायला फोन एकच, तो आईनं आधी उचलला आणि सोडेचना. रडत रडत तिनं तेच सांगितलं. मी जवळजवळ हिसकावूनच घेतला. "काय बी कबूल करू नगंस. वकीलबाई येत्यात. ऐकतोयस का?" त्यानं मान हलवली, पण बघत होता आईकडं. तेवढ्यात वेळ संपली.

रविवार कसा गेला ते माझं मला ठाऊक. चूल पेटवावीशी वाटेना, फोन हातातून सुटेना.

सोमवारी वकीलबाई बोलल्या तेव्हा आवाज थकलेला होता. आमच्या भेटीनंतर त्याच संध्याकाळी त्याची चौकशी झाली. वकील हवा का, असं साहेबांनी त्याला विचारलंही होतं. हा नको म्हणाला, हात जोडले आणि चुकलं म्हणाला. तीच कबुली म्हणून लिहून घेतली गेली. नव्या गुन्ह्याचं कारण पुढं आलं आणि जामीन फेटाळला गेला.

मी आईला एवढंच सांगितलं, की त्यानं माफी मागितली.

तिचा चेहरा उजळला. "मागितली न्हवं? शाना हाय माझा बाळ," म्हणाली आणि त्याच्यासाठी गादी उन्हात टाकायला उठली.